जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवायचंय, पण बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही

सैलबुश

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे आणि पाल्हाळ लागणार, आधीच सांगून ठेवतो.

गाडी एमजीबी जीटी, स्टिअरिंग उजवीकडे. मूळचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आधीच्या मालकाने काढलं आणि तिथे रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं. गाडी पळते झकास, तक्रार नाही. पण पार्किंगमध्ये जागच्या जागी चाक फिरवायचं म्हटलं की खांदे भरून येतात. म्हणून पॉवर स्टिअरिंगचं मनात आलं.

बॉनेट उघडून टेप लावला आणि डोकंच धरलं. स्टिअरिंगचा शाफ्ट उजव्या मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा) मागच्या दोन पाइपांना जवळजवळ चिकटून खाली उतरतो. खालच्या क्रॉस जॉइंटपाशी, म्हणजे शाफ्टला कोनात वळवणाऱ्या सांध्यापाशी, जेमतेम बोट जातं. हायड्रॉलिक रॅक (चाकं वळवणारी आडवी दातेरी दांडी) घ्यावा तर त्याचा सिलिंडर मूळ रॅकपेक्षा जाड, पिनियनवरचा (रॅकला सरकवणारं दातेरी चाक) व्हॉल्व्ह उंच, आणि बरोबर डोक्यावर क्रँकची पुली. पंपाला जागा बघितली तर तिथे अल्टरनेटर बसलाय. समजा सगळं कोंबलं, तरी प्रेशरचा होज मॅनिफोल्डला वळसा घालूनच जाणार.

एका गॅरेजवाल्याने सुचवलं, "पाइपला हातोडीने खळगा पाडा, काम होऊन जाईल." मन धजावत नाही. नेमकं हलवायचं काय? इंजिन, रॅक, शाफ्ट की मॅनिफोल्ड?

तेरा-चौदाचा पाना

आधी काही प्रश्न. टायर कुठल्या मापाचे? स्टिअरिंगचं चाक मूळचंच आहे की बदललेलं? कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष मागे किती कललाय तो कोन, कुणी मोजलाय का? आणि हे जे बोटभर अंतर म्हणताय ते गाडी बंद असताना मोजलेलं ना?

शिवाय व्ही-८ मुळे नाक जड झालं असं गृहीत धरलं असेल तर ते सोडा. ते इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मूळचं चार सिलिंडरचं ओतीव लोखंडाचं. वजनात दोन्ही जवळपास सारखीच भरतात. स्टिअरिंग जड व्हायला दुसरं कारण आहे.

नुसताच वाचक

दंडबैठका हा पर्याय कुणीच सुचवला नाही याचं वाईट वाटलं :)

सैलबुश

@पाना, टायर २०५ चे आहेत, मूळ १६५ होते. स्टिअरिंगचं चाक तेरा इंची, लेदरचं, दिसायला छान. कॅस्टर मोजलेला नाही. आणि हो, अंतर बंद गाडीतलं.

@वाचक, बैठकांनी गुडघे जातील, मग क्लचही पॉवरचा लागेल.

तेरा-चौदाचा पाना

मग उत्तर तिथेच आहे. टायर रुंद झाला आणि स्टिअरिंगचं चाक लहान झालं. चाकाचा व्यास कमी केला की हाताची तरफ कमी होते, तेवढा जोर खांद्यावर येतो. त्यात एमजीबीला कारखान्यातूनच ७ अंशांचा कॅस्टर आहे. त्या काळच्या अरुंद टायरांना तो चालून जायचा. आज रुंद रेडियलवर तोच कॅस्टर हाताला झोंबतो. क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) आणि चेसिसच्या मध्ये पाचर घालून तो ४ अंशांपर्यंत आणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या अनेकांना त्यानंतर पॉवर स्टिअरिंगची गरजच वाटलेली नाही.

पण पॉवर बसवणार हे पक्कं असेल तर कॅस्टर कमी करायची घाई करू नका. मदत मिळायला लागली की हाताला जडपणा जाणवत नाही, आणि वळणानंतर चाक आपणहून सरळ येण्यासाठी तोच कॅस्टर कामाला येतो. कॅस्टर काढला आणि वर पॉवरही लावली, तर गाडी वळणावर गेलेली तशीच राहते, आपण हाताने परत आणत बसायचं. मी ५ अंशांच्या आसपास थांबेन.

हे आधी ठरवायचं कारण असं की रॅक त्या क्रॉसमेंबरवरच बसतो. पाचर घातली की क्रॉसमेंबर कलतो, त्याच्याबरोबर रॅक कलतो, पिनियनचं तोंड फिरतं आणि शाफ्टचा सगळा कोन बदलतो. शाफ्ट आधी बनवून घेतला आणि कॅस्टर नंतर बदलला तर तो शाफ्ट भंगारात.

खटपट्या

अंतर बंद गाडीत मोजलं का, हा जो प्रश्न पानासाहेबांनी विचारला त्यावर जरा बसून लिहितो, कारण जागेचा घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

थंड, बंद गाडीत मोजलेलं अंतर कागदावरचं. इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि ते डोलतं, तेही विशिष्ट बाजूला. ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिलं तर क्रँक डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतो. ॲक्सिलरेटर दाबला की त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचा सांगाडा घड्याळाच्या दिशेने वळायला बघतो. डावी बाजू उचलली जाते, उजवी दबते. तुमची गाडी उजव्या हाताची. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये जोरात निघाल की उजवा मॅनिफोल्ड शाफ्टच्या अंगावर येणार. रिव्हर्सला उलटं, इंजिन डावीकडे झुकणार. डाव्या हाताच्या गाडीत तीच बाजू पुढे जाताना उचलली जाते, तिथे पाइपचा खालचा वळसा शाफ्टला खालून गाठतो. इंटरनेटवर "माझ्या गाडीत बसलं, तुमच्यातही बसेल" म्हणणाऱ्याची गाडी कुठल्या हाताची हे आधी विचारा.

मी वापरतो ती पद्धत अशी. मुलांची खेळायची चिकणमाती घ्यायची, वाफेने ओली न होणारी, तेलकट असते ती. जिथे जिथे संशय आहे तिथे तिचे गोळे चिकटवायचे: जॉइंट आणि पाइप, पुली आणि रॅक, संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि क्रॉसमेंबर. इंजिन थंडच ठेवायचं, तापल्यावर माती वितळून पाइपवर पसरते. हँडब्रेक ओढायचा, कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवून बसवायचं, समोर कुणी उभं राहायचं नाही. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून इंजिनाला ताण द्यायचा, तसंच एकदा रिव्हर्समध्ये. गाडी बंद करून मातीचे गोळे कापायचे आणि जिथे सगळ्यात पातळ झालेत तिथली जाडी मोजायची. तुमचं खरं अंतर तेवढंच.

हलणाऱ्या इंजिनाच्या भागापासून शाफ्टला मी निदान २० मिलिमीटर ठेवतो. एक्झॉस्टपासून त्याहून जास्त, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. जॉइंटमधलं ग्रीस उष्णतेने पातळ होऊन निघून जातं, नंतर सुयांचे बेअरिंग कोरडे पडतात आणि जॉइंट मध्येच अडखळायला लागतो. ज्या गाड्यांत स्टिअरिंगला रबर-कापडाची चकती असते तिथे ती आधी करपते.

हातोडीच्या खळग्याबद्दल: मिळेल ती जागा दहा-बारा मिलिमीटर, आणि इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ते ज्यावर बसतं ती रबरं, जुनं झालं असेल तर तेवढं ते असंच खातं. आधी रबरं बदला. फुकटची जागा मिळते.

लोखंडी जीप

खटपट्या यांच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे जुन्या जीपा आहेत, त्यांना सॅगिनॉ कंपनीचा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स बसवायची पद्धत आहे. तिथे जागा मिळते हो, पण पुढच्या चेसिसला बॉक्सच्या बोल्टांपाशी भेगा जातात. पॉवर आली की दगडाला अडकलेलं चाकसुद्धा माणूस फिरवतो, तो सगळा जोर त्या तीन-चार बोल्टांवर. चेसिसच्या आत नळ्या घालून, बाहेरून पट्टी मारून बोल्ट आवळायचे. मोकळ्या पत्र्याच्या पोकळीत बोल्ट आवळला की पत्रा आत दबतो आणि महिन्याभरात बॉक्स हलायला लागतो.

आणि एक ऐकीव नाही, पाहिलेलं: ज्या गाडीचा रॅक ॲक्सलच्या पुढे असतो, तो एकाने जागेसाठी ॲक्सलच्या मागे बसवला. चाक डावीकडे फिरवलं, गाडी उजवीकडे. रॅक उलटा करून बसवावा तर पिनियन गेला दुसऱ्या बाजूला, तिथे स्टार्टर.

नुसताच वाचक

चोर पाठलाग करत असतील तर उपयोगी आहे :)

घोडेबाजार

माझी १९६६ ची मस्टँग, २८९ व्ही-८. तिला पॉवर स्टिअरिंग कारखान्यातूनच मिळायचं, पण बॉक्समध्ये नाही. बॉक्स साधाच. मधल्या लिंकवर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि एक वेगळा हायड्रॉलिक दंड, जो लिंकला ढकलतो. त्या काळी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचे जाड बुरूज होते, खाली हा सगळा पसारा मांडून त्यांनी वरची जागा वाचवली.

आता गंमत. लोक त्यात लांब पाइपांचे हेडर (मूळ मॅनिफोल्डऐवजी लावायचे) टाकतात आणि ते बरोबर त्या दंडाला भिडतात. उपाय म्हणून दंड खाली घेणारा ब्रॅकेट मिळतो. मी तो लावलेला नाही आणि लावणारही नाही. दंड खाली आला की स्पीडब्रेकरला आधी तोच टेकतो. मी आखूड हेडर घेतले, चार-दोन घोडे कमी मिळाले असतील, कळत तरी नाहीत.

सैलबुश, तुमच्या बाबतीतही स्टिअरिंगला हात न लावता एक्झॉस्टचाच रस्ता बदलता येईल. एमजीने १९९३ ते १९९५ मध्ये आरव्ही८ काढली तेव्हा तिचे मॅनिफोल्ड आतल्या मडगार्डमधून बाहेर काढले. पाइप इंजिनाच्या कडेने खाली न उतरता वरच्या वर बाजूला निघतात आणि मडगार्डच्या आतून खाली जातात. शाफ्टच्या आजूबाजूची सगळी जागा मोकळी. त्याच नमुन्याचे मॅनिफोल्ड जुन्या एमजीबीसाठी बनतात. आतल्या मडगार्डला दोन्हीकडे भोकं पाडावी लागतात, तेवढं काळीज पाहिजे.

सैलबुश

@घोडेबाजार, हे माहीतच नव्हतं. भोकं पाडायला हात थरथरेल, पण मूळ इंजिन तर आधीच गेलंय, आता सोवळं कुणासाठी पाळायचं?

@खटपट्या, मातीचा प्रयोग केला. जॉइंटपाशी जे बोटभर होतं ते ताण दिल्यावर चार मिलिमीटर निघालं. धन्यवाद म्हणू की नको कळेना.

खटपट्या

चार म्हणजे आज ना उद्या घासलंच असतं. पाइपवर चकाकणारी रेघ आहे का बघा, आधीच घासत असेल.

सैलबुश

आहे.

गिअरबाई

उशिरा आले धाग्यावर. शाफ्टच्या मार्गाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

अडथळा चुकवायला शाफ्टला जास्तीचा जॉइंट घालून वळसा द्यायचा मोह सगळ्यांना होतो. एकटा क्रॉस जॉइंट कोनात फिरवला की तो सारख्या वेगाने फिरत नाही. ३० अंशांचा कोन असेल तर एका फेरीत दोनदा तो साधारण १३ टक्के मंद आणि दोनदा १५ टक्के जलद होतो. हाताला ते चाक मध्येच हलकं, मध्येच जड असं लागतं, आणि लोक पंपाला किंवा रॅकला दोष देत बसतात. दोन जॉइंट घ्या, दोन्हींचे कोन सारखे ठेवा, मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे एका रेषेत ठेवा, म्हणजे एकाची चूक दुसरा भरून काढतो. ही एका रेषेची गोष्ट तिन्ही शाफ्ट एकाच प्रतलात असतील तरच. एक वळण खाली आणि दुसरं बाजूला असेल तर काटे तेवढ्या कोनाने फिरवून बसवावे लागतात.

तीन जॉइंट झाले की मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग लागतंच. नाहीतर तो शाफ्ट चाक फिरवताना दोरीवरच्या उडीसारखा गोल फिरतो, आणि तुम्ही ज्या पाइपला चुकवायला हा वळसा घेतला त्यालाच जाऊन लागतो.

मूळ एमजीबीमध्ये एकच जॉइंट आहे. म्हणून कारखान्याच्या पुस्तकात कॉलमचा अक्ष आणि पिनियनचा अक्ष ज्या बिंदूत मिळतात तिथेच जॉइंटचं केंद्र आणायला सांगितलंय, त्यासाठी रॅकखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालायचे असतात. इंजिन बदललेल्या गाड्यांत हे कुणी करत नाही. ते न जुळल्यामुळेही स्टिअरिंग जड होतं आणि पिनियनचं बेअरिंग खातं. सैलबुश, पॉवरचं काही करण्याआधी जॉइंट सोडवून बघा. खालचा रॅक एकटा हाताने फिरतो का, वरचा कॉलम एकटा फिरतो का. जडपणा कुठे आहे ते कळेल.

मार्ग ठरवताना लोखंड कापायच्या आधी लाकडी दांडा किंवा प्लास्टिकची नळी लावून बघावी, हे सगळ्यांना माहीत असेलच.

आता रॅकचं. पुलीखाली जागा नाही म्हणून रॅक खाली किंवा पुढे सरकवायचा विचार असेल तर थांबा. रॅकच्या आतल्या सांध्यांची जागा सस्पेन्शनच्या आर्मच्या बिजागऱ्यांशी बांधलेली असते. चाक वरखाली होताना टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतची दांडी) आणि आर्म जवळपास एकाच कंसात फिरले पाहिजेत. रॅक दहा मिलिमीटर खाली घेतला की कंस वेगळे पडतात आणि प्रत्येक खड्ड्याला चाकं आपोआप आतबाहेर वळतात. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. दुसऱ्या गाडीचा रॅक आणला तर त्याच्या आतल्या सांध्यांतलं अंतर मूळ रॅकइतकंच आहे का हेही बघावं लागतं, लांबी टाय रॉडच्या एंडमध्ये जुळवून भागत नाही. तपासायचं असेल तर स्प्रिंग काढा, जॅकने चाक पूर्ण वरखाली करा आणि डिस्कला लावलेल्या पट्टीच्या दोन टोकांचं अंतर प्रत्येक टप्प्यावर लिहून ठेवा.

थोडक्यात, रॅकला मी सगळ्यात शेवटी हात लावेन. पुली छोटी करता येते, संप कापून जोडता येतो.

तेरा-चौदाचा पाना

गिअरबाई, सहमत. जॉइंट सोडवून फिरवायचं मी लिहायला हवं होतं.

पट्टेवाला

पंपाच्या जागेवर माझे दोन आणे.

जुने सॅगिनॉ पंप तेलाच्या डब्यासकट येतात, तो डबाच निम्मी जागा खातो. नंतरच्या गाड्यांत छोटा पंप आणि तेलाचं भांडं वेगळं असं येऊ लागलं. तसा पंप घ्या, भांडं मडगार्डवर पंपापेक्षा उंच लावा, मधली नळी जाड ठेवा. तेल ओढायला त्रास झाला की पंप किरकिरतो.

पट्ट्याला सरळ रेषा हवी. दोन पुल्यांमध्ये फूटभर अंतर असेल तर दीड मिलिमीटरच्या वर तिरपेपणा नको, पट्टा कड खातो आणि उडी मारतो. पंपाच्या पुलीला पट्ट्याची मिठी निदान १२० अंशांची हवी, नाहीतर पूर्ण वळवताना पट्टा घसरून ओरडतो. क्रँकच्या पुलीला जास्तीची खाच हवी असेल तर नवीन खरादायच्या आधी त्याच इंजिनाच्या एसी असलेल्या मॉडेलची पुली शोधा. रोव्हरचं व्ही-८ मोठ्या गाड्यांत एसी आणि पॉवर स्टिअरिंगसकट यायचं, त्यामुळे ब्रॅकेटही मिळतात. पण ते ब्रॅकेट रुंद बॉनेटसाठी बनलेत, तुमच्यात ते मडगार्डला लागतील.

यांत्रिक पंखा अजून असेल तर तो काढा. एमजीनेच १९७३ च्या व्ही-८ मध्ये रेडिएटर पुढे सरकवला, दोन विजेचे पंखे बसवले, कार्ब्युरेटर मागे नेले आणि ऑइल फिल्टर इंजिनावरून काढून लांब लावला. कारखान्यालासुद्धा जागा पुरली नव्हती, तुम्हाला कुठून पुरणार?

बिना पट्ट्याचा मार्ग म्हणजे विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर२ मध्ये होता, इंजिन मागे असल्यामुळे. ओपेल अ‍ॅस्ट्राच्या जी पिढीतही होता. तो हेडलाइटमागे, बंपरमागे, कुठेही बसतो. फक्त होज लांबतो.

आणि होजला क्लिप लावू नका हो. ७० ते १०० बारचा दाब असतो. प्रेशरच्या बाजूला दाबून बसवलेलं फिटिंगच हवं, क्लिप फक्त परतीच्या नळीला. तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं तर पेट घेतं.

शॉर्टसर्किट

एवढा खटाटोप वाचून हसू येतंय. डॅशबोर्डखाली विजेचा कॉलम, म्हणजे मोटर लावलेला स्टिअरिंगचा दांडा, बसवा, बॉनेट उघडायचीही गरज नाही. ना पंप, ना पट्टा, ना होज, ना गळती. सुझुकीने १९८८ साली सर्व्होमध्ये आणला तेव्हा कारणही जागेचंच होतं, छोट्या गाडीत पंप कुठे ठेवणार.

जुन्या गाड्यांत ओपेल कोर्सा सी चा कॉलम जास्त वापरला जातो. मूळ गाडीकडून वेगाचा सिग्नल मिळाला नाही तरी तो पूर्ण बंद पडत नाही, ठराविक मदत देत राहतो. वर मदत कमीजास्त करायला छोटी डबी मिळते, तिचा खटका डॅशखाली लपवायचा.

विजेचा हिशेब मात्र चोख ठेवा. जागच्या जागी वळवताना ही मोटर क्षणभर ५०-६० अँपियर ओढते. ल्यूकसचा सी४० डायनामो २२ अँपियरचा, १७एसीआर अल्टरनेटर ३६ चा. त्यात हेडलाइट आणि पंखे चालू. अल्टरनेटर बदलायला लागणारच. आणि १९६७ च्या आधीची एमजीबी असेल तर तिची बॉडी पॉझिटिव्ह असते, विजेचा कॉलम तसाच जोडला तर धूर निघेल. आधी अर्थिंग उलटं करून बॉडी निगेटिव्ह करून घ्या.

गिअरबाई

@शॉर्टसर्किट, बॉनेटखालची जागा वाचते हे मान्य. पण दोन गोष्टी तुम्ही गाळल्यात.

एक, मदत कुठे लागते ते बघा. हायड्रॉलिक रॅकमध्ये जोर रॅकवरच येतो, कॉलम आणि जॉइंट यांच्यावर फक्त हाताचा जोर. विजेच्या कॉलममध्ये मोटर वर असते, म्हणजे हात अधिक मोटर असा सगळा जोर खालच्या जुन्या जॉइंटमधून, त्याच्या बोल्टमधून आणि साठ वर्षं जुन्या पिनियनमधून जातो. जॉइंट नवा घाला, शाफ्टवर बोल्टसाठी खाच नीट करून घ्या, नुसत्या घट्ट आवळलेल्या स्क्रूवर विसंबू नका.

दोन, मोटर शाफ्टला एका बाजूला पिळते तेव्हा स्वतःचा सांगाडा उलट बाजूला पिळते. मूळ कॉलमचे ब्रॅकेट दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात, ते हा पीळ सहन करायला बनलेले नाहीत. सांगाड्याला बॉडीपर्यंत स्वतंत्र आधार हवा.

आणि जागेचा प्रश्न डॅशखाली जातो, संपत नाही. मोटर गुडघ्याला लागते, वायपरच्या यंत्रणेला लागते, हीटरच्या डब्याला लागते. कॉलम फिरवून मोटर कुठल्या कोनात बसते ते आधी बघावं.

शॉर्टसर्किट

दोन्ही मुद्दे मान्य, ताई. मोटरचा कोन बदलता येतो, पण कोर्साचं इग्निशन लॉकचं ब्रॅकेट मग उलट्या बाजूला येतं, ते कापावं लागतं. वेल्डिंग करताना सेन्सर आणि कंट्रोलर काढून ठेवा, उष्णतेने टॉर्क सेन्सर बिघडला तर चाक आपणहून एका बाजूला ओढायला लागतं. शाफ्ट नुसता टोकाला टोक लावून कधीच जोडायचा नाही. आत खुंटी किंवा बाहेरून नळी, आणि ते काम रोज करणाऱ्याच्याच हातून.

तेरा-चौदाचा पाना

त्यात भर: अपघातात दबणारा कॉलम असेल तर तो दबण्याचा भाग जिवंत राहिला पाहिजे. अनेक जण नेमका तोच भाग कापतात, कारण तोच लांबीला सोयीचा असतो. आणि गाडीच्या तपासणीत, विम्यात हा बदल दाखवावा लागतो, ते काम सुरू करायच्या आधीच विचारून घ्या.

सैलबुश

सगळ्यांचे मनापासून आभार. गिअरबाई, तुमच्या सांगण्यावरून जॉइंट सोडवला. रॅक एका हाताने सहज फिरतो, कॉलमही फिरतो. जोडले की जड. म्हणजे अक्ष जुळत नव्हते. शिम घालून जुळवले, उभ्या गाडीतही फरक कळतोय. इंजिनाची रबरं नवीन टाकली, पुन्हा मातीचे गोळे लावले, चारचे नऊ झाले.

आता ठरलंय ते असं. आरव्ही८ च्या नमुन्याचे मॅनिफोल्ड आधी, कारण शाफ्ट घासत होता, नऊ मिलिमीटरही कमीच आहेत, आणि तो पॉवर नसतानाही धोकाच आहे. कॅस्टर ५ वर. मग पुन्हा चालवून बघणार. तरीही जड वाटली तर विजेचा कॉलम, हायड्रॉलिक नाही. पुलीखाली रॅकचा व्हॉल्व्ह बसेल असं मला वाटत नाही आणि रॅक सरकवायची भीती तुम्ही घातलीच आहे.

घोडेबाजार

तेरा इंची चाकाच्या जागी पंधरा इंची लावा की राव. ते कुणी बोललंच नाही पुन्हा.

सैलबुश

लावलं तर मांडीला लागतं. तिथेही जागेचाच प्रश्न. चौदा शोधतोय.

एक शेवटचं विचारतो. बॅटरी या गाडीत सीटच्या मागे आहे. विजेच्या कॉलमची वायर स्टार्टरवरून घेऊ की थेट बॅटरीवरून?

शॉर्टसर्किट

स्टार्टरच्या जाड बोल्टवरून घेतली तरी चालेल, तिथपर्यंत केबल चांगली जाड आहे. पण मग वायर पुन्हा मॅनिफोल्डच्या शेजारून केबिनमध्ये आणावी लागेल, म्हणून मी थेट बॅटरीवरून गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या कडेने आतून आणेन. १६ चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, आणि अर्थची वायरही तेवढीच जाड. अर्थ डॅशच्या स्क्रूला देऊ नका. चालू करणारी बारीक वायर अल्टरनेटरच्या दिव्यावरून रिले घालून घ्या, म्हणजे इंजिन बंद असताना कॉलम बॅटरी खात बसणार नाही.

खटपट्या

आणि मॅनिफोल्ड बसले की मातीचे गोळे तिसऱ्यांदा. फोटो टाका.